ग्वातेमाला सिटीतलं ला आउरोरा प्राणिसंग्रहालय : अर्धा दिवस नीट कसा घालवावा

ग्वातेमालाला फिरायला जाणारे बहुतेक जण राजधानीत थांबतच नाहीत. विमान उतरलं की गाडीत बसायचं आणि थेट आंतिग्वा ही जुनी राजधानी गाठायची, तिथून आतितलान सरोवर, मग तिकालची माया मंदिरं आणि परत विमानतळ, असा ठरलेला मार्ग. राजधानीला वाईट म्हणण्यातच सगळ्यांचं एकमत असतं. पण त्या विमानतळापासून गाडीने काही मिनिटांवर, शहराच्या १३ क्रमांकाच्या झोनमध्ये, देशाचं राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय आहे. विमानतळाचं जे नाव तेच याचं : ला आउरोरा. मुलंबाळं बरोबर असतील, विमानाआधी अर्धा दिवस हातात असेल किंवा उत्तरेकडच्या पेतेन प्रांतातल्या जंगलात जायच्या आधी तिथले प्राणी ओळखीचे करून घ्यायचे असतील, तर ही जागा चुकवू नये असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगते. इथे सिंह आहेत, जिराफ आहेत, बंगालचे वाघ आहेत, आणि स्थानिक कुटुंबं आधी तिकडेच धावतात. ते स्वाभाविक आहे, त्यांच्यासाठी तेच परदेशी पाहुणे. आपण मात्र उलट करायचं. वाघ आपल्याकडे ताडोबात आहे, पेंग्विन मुंबईत राणीच्या बागेत आहेत. दान्ता (टॅपिर), जग्वार, कोळीमाकड, लाल मकाव हे प्राणी ज्या भूमीचे, त्या भूमीवर पाहायची संधी इथे आहे. पुढचा सगळा बेत त्याच हिशोबाने मांडला आहे.

आधीची कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांनी व्हिसाचा नियम ग्वातेमालाच्या नवी दिल्लीतल्या वकिलातीकडून ताजा तपासून घ्यावा. अमेरिका, कॅनडा किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असणाऱ्यांसाठी वेगळी सवलत असते का, हेही तिथेच लेखी विचारा. प्रवासी गटांतल्या ऐकीव माहितीवर तिकीट काढू नका. ग्वातेमाला, एल साल्वादोर, होंडुरास आणि निकाराग्वा या चार देशांचा आपसात करार आहे आणि चौघांत मिळून एकूण ९० दिवसांची मुदत मोजली जाते. चारही देश फिरायचे असतील तर हे लक्षात ठेवून बेत करा.

पनामामार्गे जाणार असाल तर पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला लागतो का, हे जाताना आणि भारतात परतताना अशा दोन्ही बाजूंनी तपासा. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांना हा प्रवास सोपा आहे. ह्यूस्टनहून थेट विमानाने साधारण तीन तास लागतात. ग्वातेमालात घड्याळ वर्षभर एकच असतं, उन्हाळ्यात पुढे सरकत नाही. भारत त्यांच्या साडेअकरा तास पुढे असतो, म्हणजे तिथे सकाळी ९ वाजता फाटक उघडतं तेव्हा घरच्यांचे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. आजी-आजोबांना जिराफ दाखवायला व्हिडिओ कॉल करायचा तर सकाळचाच.

कोणता वार, कोणता महिना

सोमवारी जाऊ नका. प्राणिसंग्रहालय मंगळवार ते रविवार उघडं असतं, सकाळी ९ ते संध्याकाळी ५ असा साधारण शिरस्ता आहे. सणासुदीला वेळा बदलतात, म्हणून आदल्या दिवशी त्यांच्या इंटरनेटवरच्या पानावर एकदा पाहून घ्या. शेजारची सरकारी संग्रहालयंही सोमवारी बंद असतात, त्यामुळे सोमवारचा बेत दोन्हीकडून फसतो.

रविवार टाळता आला तर टाळा. रविवारी इथे अख्खं शहर लोटतं. डबे, चादरी, पोरंसोरं सगळं घेऊन लोक दिवसभर बसतात. वातावरण फार प्रेमळ असतं. पण तुम्हाला प्राणी पाहायचे असतील तर त्या गर्दीत कुठल्याही कठड्यापाशी दोन मिनिटं निवांत उभं राहता येत नाही, आणि प्राणीही आतल्या बाजूला जाऊन बसतात. ग्वातेमालात शाळेचं वर्ष जानेवारी ते ऑक्टोबर असं चालतं. त्या काळात आठवड्याच्या मधल्या दिवशी शाळांच्या सहली येतात, पण पोरं घोळक्याने येतात आणि घोळक्याने पुढे जातात. एक घोळका गेला की दुसरा येईपर्यंत मोकळीक मिळते. मला स्वतःला मंगळवार-बुधवार सगळ्यात बरे वाटतात.

पावसाळा मे ते ऑक्टोबर. आपल्यासारखी दिवसभराची झड क्वचितच असते. सकाळ लख्ख, दुपारनंतर ढग भरून येतात आणि धो धो कोसळून जातो. म्हणजे पावसाळ्यातही सकाळी ९ ते दुपारी १ हा वेळ बहुधा कोरडा मिळतो. नोव्हेंबर ते एप्रिल कोरडा. फेब्रुवारी-मार्चमध्ये शहरभर जॅकारंडाची जांभळी फुलं आणि मातिलिस्ग्वातेची गुलाबी फुलं असतात, त्या दिवसांत जमलं तर उत्तमच.

शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १५०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही थोडं वर. म्हणून मध्य अमेरिका म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारा दमट उकाडा इथे नाही. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी पातळ स्वेटर लागतो. उन्हाची मात्र फसगत होते. हवा गार असल्यामुळे चटका कळत नाही आणि संध्याकाळी मान-नाक लाल झालेलं असतं. टोपी आणि सनस्क्रीन विसरू नका.

पोचायचं कसं

या शहराचे पत्ते झोनवर चालतात. जुनं शहर म्हणजे झोन १, आणि तिथून बाकीचे झोन गोगलगायीच्या शंखासारखे बाहेर फिरत गेलेले. एकाच क्रमांकाची आवेनिदा किंवा काये (दोन्ही रस्त्यांचेच प्रकार) अनेक झोनमध्ये असते. त्यामुळे रस्ता सांगताना झोन सांगितला नाही तर पत्त्याला अर्थ नाही. तुम्ही ‘सोना त्रेसे’, म्हणजे झोन १३, असं स्पष्ट म्हणा, आणि पुढे ‘सूलोखिको ला आउरोरा’. नुसतं ‘ला आउरोरा’ म्हणालात तर चालक तुम्हाला विमानतळावर नेऊन सोडेल. ही चूक परक्या माणसाकडून सहज होते.

मुक्काम झोन १०, १३ किंवा १४ मध्ये असेल तर ॲपवरून उबर बोलवा. भाड्याची घासाघीस नाही, भाषेची अडचण नाही, आणि गाडीचा क्रमांक फोनवर राहतो. पालिकेची त्रान्समेत्रो बससेवाही या भागात येते. मोठ्या हिरव्या बस, स्वतंत्र मार्गिका आणि चढण्यासाठी वेगळी स्थानकं असं तिचं स्वरूप आहे. झोन १३ कडे येणारी १३ क्रमांकाची मार्गिका उपयोगाची. पहिल्यांदाच आलेल्या आणि लहान मुलं बरोबर असलेल्या कुटुंबाला मी उबरच सुचवेन.

आंतिग्वाहून येणाऱ्यांनी सकाळच्या वाहतुकीला गृहीत धरू नये. अंतर ४० किलोमीटरच्या आसपास, पण सकाळी राजधानीकडे कामाला येणाऱ्या गाड्यांची रांग लागते आणि तासाचा रस्ता दोन तास खातो. खरं तर आदल्या रात्री झोन १३ मध्येच राहावं. विमानतळाजवळ लहान-लहान घरगुती अतिथिगृहं पुष्कळ आहेत. मुलांची झोप पूर्ण होते आणि तुम्ही फाटक उघडताना तिथे असता. या बेतात सकाळचे पहिले दोन तास हेच खरं धन आहे.

विमानाआधीच्या वेळात भेट द्यायची असेल तर मोठ्या बॅगा बरोबर नेऊ नका, हॉटेलातच ठेवून या. विमानतळ जवळ असला तरी सामान घेऊन चालत जाण्याचा विचार करू नका.

सुरक्षिततेबद्दल विचारणा होतेच. दिवसा, कुटुंबांच्या गर्दीत, या भागात काळजी करण्यासारखं काही नसतं. रस्त्यावर उभं राहून फोन हातात धरून नकाशा पाहणं तेवढं टाळा. गाडी बोलवायची ती फाटकाच्या आत उभं राहून बोलवा, आणि गाडी आल्यावरच बाहेर पडा. दागिने हॉटेलात.

तिकीट, सुटे पैसे आणि मुलांसाठी एक खेळ

तिकीट फाटकावर मिळतं. स्थानिक आणि परदेशी, मोठे आणि लहान यांचे दर वेगवेगळे असतात, म्हणून पासपोर्टची प्रत बरोबर ठेवा. मुलांच्या वयाचा पुरावाही त्यातच निघतो. कार्ड चालेल यावर विसंबू नका. लहान नोटा, ज्यांना तिथे ‘सेन्सियो’ म्हणतात, त्या खिशात असू द्या. एका डॉलरला साधारण साडेसात ते पावणेआठ केत्साल मिळतात. एटीएम मॉलच्या किंवा बँकेच्या आतलं वापरा.

रांगेत उभं असताना मुलांना नोटा दाखवा. प्रत्येक नोटेवर वरच्या कोपऱ्यात प्राचीन माया लोकांच्या पद्धतीचा आकडा छापलेला असतो. ठिपका म्हणजे १, आडवी रेघ म्हणजे ५, शिंपला म्हणजे शून्य. हिशोब वीसच्या पटीत आणि खालून वर वाचायचा. ५ च्या नोटेवर एक रेघ, १० च्या नोटेवर दोन. २० च्या निळ्या नोटेवर खाली शिंपला आणि वर एक ठिपका, म्हणजे एक वीस आणि शून्य. मग ५० ची नोट त्यांच्या हातात द्या आणि विचारा : खाली दोन रेघा, वर दोन ठिपके, तर किती झाले? दोन विसा चाळीस आणि दहा. आपल्याकडे विशीत मोजणाऱ्या जुन्या माणसांना हे झटकन कळतं. १०० ची नोट मुलांनी स्वतः सोडवावी.

१ केत्सालची नोट मिळाली तर तिच्यावरच्या माणसाकडेही बघून घ्या. ते होसे मारिया ओरेयाना, १९२१ ते १९२६ या काळातले राष्ट्राध्यक्ष. केत्साल हे चलन त्यांच्याच कारकिर्दीत १९२४ च्या नोव्हेंबरात कायदा होऊन आलं, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला हे प्राणिसंग्रहालय लोकांसाठी उघडलं. त्याआधी इथे ला आउरोरा नावाचा शेतमळा होता. मळ्याच्या जमिनीवरच पुढे विमानतळ आणि संग्रहालयं उभी राहिली, म्हणून सगळ्यांना तेच नाव.

आत शिरल्यावर : पहिले दोन तास

फाटकाशी नकाशा लावलेला असतो, त्याचा फोटो काढून घ्या. परिसर मोटामोटी तीन भागांत मांडलेला आहे : आफ्रिकेचा माळ, आशिया आणि अमेरिकेचं उष्ण कटिबंधीय जंगल. प्राण्यांच्या जागा अधूनमधून बदलतात, म्हणून मी वाटांची वळणं सांगत नाही. फलकांवर ‘आमेरिका’ असेल त्या दिशेने निघा. मोठी झाडं आणि दाट सावली आहे, चालणं फार नाही. तीन-साडेतीन तासांत सगळं निवांत होतं.

सगळ्यात आधी दान्ता गाठा. इंग्रजीत ज्याला टॅपिर म्हणतात तो हा. मध्य अमेरिकेतला सगळ्यात मोठा स्थानिक जमिनीवरचा प्राणी, तरी बाहेरच्या जगात याचं नावही कुणाला ठाऊक नसतं. लांबून पाहिलं तर रानडुक्कर वाटतं. जवळून पाहिलंत तर खुरं पाहा : पुढच्या पायाला चार बोटं, मागच्याला तीन. याचं नातं घोडा आणि गेंड्याशी आहे. आता नाक पाहा. वरचा ओठ आणि नाक मिळून एक आखूड सोंड झालेली असते, आणि ती सतत कामात असते. पान समोर धरलं की सोंड डावीकडे वळते, पानाभोवती गुंडाळली जाते, देठ तोडते आणि तोंडात घालते. डोळे बारीक आणि नजर कमी, सगळा कारभार वासावर. कान मोठे, त्यांच्या कडा पांढऱ्या, जणू खडूने रेघ ओढलेली.

सकाळी हा प्राणी पाण्यात उतरतो. कठड्यापाशी दहा-पंधरा मिनिटं गप्प उभे राहिलात तर पाठ, मग डोकं पाण्याखाली जाताना दिसेल आणि कधीकधी नुसतं नाकाचं टोक वर राहील. मादी जवळपास तेरा महिने गाभण राहते आणि एका वेळी एकच पिल्लू होतं. पिल्लाच्या अंगावर पांढरे पट्टे आणि ठिपके असतात, ते काही महिन्यांत विरून जातात. इतक्या सावकाश वाढणारा प्राणी शिकार आणि जंगलतोडीपुढे टिकत नाही. दान्ता आज धोक्यात आलेल्या प्राण्यांत गणला जातो. मोठ्या बियांची फळं खाऊन त्या दूरवर टाकणारा हा प्राणी गेला की झाडांचं पसरणंही थांबतं. मुलांना एवढं सांगायला इथे उभं राहण्यासारखी दुसरी जागा नाही.

तिथून जग्वार. आपल्या लोकांना तो बघताच बिबट्या वाटतो. संजय गांधी उद्यानात किंवा जुन्नरच्या ऊसपट्ट्यात ज्यांनी बिबट्या पाहिला आहे त्यांनी अंगावरची फुलं नीट पाहावीत. बिबट्याच्या फुलाचा मधला भाग रिकामा असतो; जग्वारच्या फुलात एक-दोन काळे ठिपके असतात. डोकं रुंद, जबडा जड, पाय आखूड आणि जाड, शेपूट बिबट्यापेक्षा कमी लांब. या जबड्याने तो कासवाची पाठ फोडतो. पाण्याला अजिबात भीत नाही, मगरीचीही शिकार करतो. सकाळी ९ ते १० या वेळात तो फेऱ्या मारताना दिसण्याची शक्यता जास्त; नंतर सावलीत पडून राहतो. झोपला असेल तर काचेवर टकटक करू नका आणि मुलांनाही करू देऊ नका. कुणी करत असेल तर हसून ‘पोर फावोर, नो’ म्हटलं तरी लोक ऐकतात.

मग माकडं. कोळीमाकडाला तिथे ‘मोनो आरान्या’ म्हणतात. मुलांना एक काम द्या : याचा अंगठा शोधा. सापडणार नाही. पुढच्या हातांना चारच लांब बोटं असतात, आकड्यासारखी वाकलेली, फांदीला अडकवून झुलायला सोयीची. ती उणीव शेपटी भरून काढते. शेपटीच्या टोकाशी आतल्या बाजूला केस नसतात. तिथली कातडी आपल्या तळहातासारखी असते आणि तिच्यावर बोटांच्या ठशांसारख्या बारीक रेषा असतात. शेपटीने फांदी धरून, चारही हातपाय मोकळे सोडून, उलटं लोंबकळत फळ सोलताना ते दिसलं की पोरं जागची हलत नाहीत. आपल्या वानराची शेपटी लांब असली तरी ती तोल सांभाळते, पकडत नाही. शेपटीने पकडणारी माकडं फक्त अमेरिका खंडांत सापडतात. पुढे तिकालला गेलात तर पहाटे सिंहगर्जनेसारखा आवाज करणारं काळं साराग्वाते माकड ऐकाल, त्याचीही शेपटी अशीच.

लाल मकाव, ‘ग्वाकामाया रोखा’, फोटोंमुळे ओळखीचा आहे. पण ग्वातेमालात रानातले आता काही शेच उरले आहेत, आणि तेही फक्त उत्तरेकडच्या पेतेनमध्ये. घरटी लुटून पिल्लं विकण्याचा धंदा आणि गुरांच्या कुरणांसाठी जाळलेलं जंगल, ही दोन कारणं. जप्त केलेले पोपट आणि मकाव सांभाळून पुन्हा रानात सोडण्याचं काम आर्कास ही संस्था १९८९ पासून करते. तिचं केंद्र पेतेनमध्ये फ्लोरेसजवळ आहे. मुलांच्या मनात ‘आपणही एक पाळूया’ असं येतंच, तेव्हा ही हकीकत सांगा. बाजारात पिसांच्या वस्तू दिसल्या तरी घेऊ नका.

सापांच्या विभागात ‘बार्बा आमारिया’ दिसला तर थांबा. आपल्या सह्याद्रीतल्या चापड्याच्या कुळातला, पण कितीतरी मोठा, आणि मध्य अमेरिकेत सर्पदंशाच्या गंभीर घटनांत याचंच नाव पुढे असतं. डोळा आणि नाकपुडी यांच्यामधली खळगी काचेतून स्पष्ट दिसते. तिने तो उष्णता ओळखतो. ग्वातेमालाच्या मोताग्वा खोऱ्यात एक विषारी सरडाही आहे, मण्यामण्यांच्या कातडीचा, काळ्या-पिवळ्या अंगाचा. वर्षातले बरेच महिने तो बिळात पडून काढतो. ते खोरं कोरडं, काटेरी निवडुंगांचं. ओल्या जंगलांच्या देशात असा तुकडा आहे हे फार थोड्यांना माहीत असतं. प्रदर्शनात असेल तर अवश्य पाहा.

एक प्राणी इथे शोधत बसू नका. देशाचा पक्षी केत्साल धुक्याच्या डोंगरी जंगलात राहतो, आणि त्याला पाहायचं तर बाहा वेरापासमधल्या पुरुल्याजवळ, मारियो दारी रिवेरा यांच्या नावाच्या संरक्षित जंगलात पहाटे जायला हवं. ते सान कार्लोस विद्यापीठाचे रेक्टर, म्हणजे कुलगुरू, आणि निसर्गाभ्यासक. हे जंगल त्यांच्या प्रयत्नांनी राखलं गेलं आणि १९८१ मध्ये त्यांची हत्या झाली. त्या भागात जाणार असाल तर एक मुक्काम त्यासाठी राखा.

बाकीचं

अकरा वाजले की आफ्रिका आणि आशियाकडे वळा. जिराफ, झेब्रे, सिंह, वाघ, पेंग्विन. मुलं खूश होतात, तुम्ही बाकावर बसा. चकाकणारं काळं पाखरू, लांब शेपटीचं, तुमच्या ताटापर्यंत येईल. तो सानाते, पिंजऱ्यातला नाही, शहरातला. वरून विमानं खाली उतरताना दिसतात, आवाज मोठा असतो. तान्ह्या बाळांना दचकायला होतं, टोपडं कानावर असू द्या.

आवारात १९२४ सालचं इंग्रजी धाटणीचं चहाघर आहे. छोटी, जुन्या वळणाची देखणी इमारत. वयस्कर मंडळींना इथे बसवून बाकीच्यांनी एक फेरी मारून यावी.

खाण्याचं शाकाहारी मंडळींना आधी समजून घ्यावं लागतं. ‘सिन कार्ने’ म्हणजे मांसाशिवाय, एवढंच म्हणालात तर कोंबडी आणि हॅम घातलेलं ताट समोर येऊ शकतं, कारण ‘कार्ने’ म्हणजे त्यांच्या मनात गोमांस. म्हणून पूर्ण म्हणा : ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन खामोन’. काळ्या घेवड्याची उसळ, फ्रिहोलेस, बऱ्याचदा डुकराच्या चरबीत परततात, ‘तिएने मान्तेका?’ असं विचारा. मक्याच्या तोर्तिया, ग्वाकामोले लावलेला तोस्तादा, भाजलेलं कणीस, लिंबू आणि भोपळ्याच्या बियांची पूड लावलेला कच्चा आंबा हे बिनधास्त. रेयेनितो मिळाला तर नक्की खा : उकडलेल्या राजेळी केळ्यासारख्या मोठ्या केळ्याचं सारण नव्हे, तर आवरण, आत गोड काळा घेवडा, आणि वरून तळलेला. तळण कशात आहे तेवढं विचारा. नळाचं पाणी पिऊ नका, ‘आग्वा पुरा’ची बाटली घ्या. पथ्य असणाऱ्यांनी थेपले-दशम्या बरोबर ठेवल्या तर चिंताच मिटली. फक्त प्राण्यांना काहीही देऊ नका.

दुपारी : तेच प्राणी, दगडात

एक वाजता बाहेर पडा आणि त्याच भागातलं राष्ट्रीय पुरातत्त्व आणि मानववंश संग्रहालय गाठा. हा टप्पा गाळू नये. अंतर थोडं आहे तरी मुलं दमलेली असतील तर गाडी करा. परदेशी लोकांचं तिकीट स्थानिकांपेक्षा पुष्कळ महाग आहे, आणि बंद होण्याची वेळ दुपारी चारच्या आसपास असते. शनिवार-रविवारी मधल्या सुट्टीचीही चौकशी करा.

सकाळी पाहिलेली जनावरं इथे भांड्यांवर, दगडांवर, दागिन्यांत पुन्हा भेटतात. माया राजे जग्वारचं कातडं पांघरत, त्याच्या कातड्याने मढवलेल्या आसनावर बसत. लेखकाचं काम करणारी माकडं रंगवलेली भांडी माया कलेत प्रसिद्ध आहेत. पेतेनमधल्या पिएद्रास नेग्रास या जुन्या माया शहरातून आणलेलं कोरीव दगडी सिंहासन या संग्रहालयाचं भूषण आहे. त्याची पाठ म्हणजे एक मोठा चेहरा, आणि त्याच्या डोळ्यांच्या जागी माणसं बसलेली. मुलांना सांगा, जिथे जिथे ठिपके दिसतील तिथे फुलात ठिपका आहे का ते पाहा. सकाळचा धडा पक्का होतो.

लहान मुलांना संग्रहालय झेपणार नसेल तर प्राणिसंग्रहालयासमोरचं मुलांचं संग्रहालय आहे. एकाने मुलांना तिकडे न्यावं, दुसऱ्याने सिंहासन पाहून यावं, मग अदलाबदल करावी. खरेदी करायची तर याच भागात हस्तकलेचा बाजार आहे. हातमागावरच्या कापडाचे भाव आधी दोन-तीन दुकानांत विचारा.

परतताना गाडीतून बुलेवार लिबेरासिओनच्या बाजूला विटांच्या कमानी दिसतात, तो पिनुलाचा जुना जलसेतू. १७७३ च्या भूकंपाने आंतिग्वा उद्ध्वस्त झाल्यावर १७७६ मध्ये राजधानी या खोऱ्यात हलली, आणि नव्या शहराला पाणी आणायला हा बांधला. तो ज्या लांबलचक मातीच्या उंचवट्यावरून जातो तो त्याच्याही कितीतरी आधीचा, माया काळातला आहे. लोक त्याला ला कुलेब्रा, म्हणजे साप, म्हणतात. उतरून फोटो काढण्यासारखी जागा नाही, रहदारी फार. चालकाला थोडं हळू घ्यायला ‘मास देस्पासियो, पोर फावोर’ म्हणा.

साडेचारच्या आत हॉटेल किंवा विमानतळ गाठा. त्यानंतर शहरातली वाहतूक अशी तुंबते की दहा मिनिटांच्या रस्त्याला तास लागतो. संध्याकाळचं विमान असेल तर संग्रहालयातून निघायची वेळ तीन वाजता धरा, आणि हॉटेलात ठेवलेल्या बॅगा उचलायला लागणारा वेळ त्यातून वजा करा.